थोरलीचा काना

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवशील आणि मग दोन दिवसांनी चहा पिता पिता फोडशील, हे मला ठाऊक आहे. या वेळी तसं करू नकोस, पाया पडते. फोनवर तू "सगळं बरं आहे ना?" विचारतोस, मी "हो" म्हणते, आणि आपण दोघंही सुटतो. पत्रात तसं सुटता येत नाही म्हणून लिहायला बसले. थोरलीला पाठवून देणार आहेत. महिनाअखेरीला ट्रक येईल. डोंगराकडच्या लाकडाच्या वखारीनं तिला घेतलंय, ओंडके ओढायला, या वयात. आणि बाबा म्हणतात की तिच्याबरोबर तेही ट्रकमध्ये चढणार. म्हणतात म्हणजे, हल्ली त्यांना जेवढं म्हणता येतं तेवढं. थांब, पहिल्यापासून सांगते. तुला अर्धवट सांगितलेलं कळत नाही आणि मला थोडक्यात सांगता येत नाही.

आपल्या घरात मी आधी जन्मले, पण थोरली कधी झाले नाही. बाबांच्या हिशेबात थोरली ती हत्तीण, मी मधली आणि तू धाकटा. पाहुणे गोंधळायचे, आठवतं? थोरली कुठं दिलीत, म्हणून विचारायचे, आणि बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे की तिला मागणीच येत नाही हो, वजन जरा जास्त आहे. आई पदरात तोंड लपवून हसायची. मला मात्र राग यायचा. शाळेच्या बक्षीस समारंभाला बाबा येत नाहीत, कारण थोरलीचं पोट बिघडलंय. मला ताप आलाय, पण आधी थोरलीच्या पायातला काटा निघाला पाहिजे. सख्ख्या बहिणीचा करावा तेवढा मत्सर मी त्या हत्तिणीचा केलाय. आणि आता तिला खरोखरच मागणी आलीय तर मीच ती मोडायला बसलेय.

ती चित्र काढायला शिकली ते दिवस तुझ्या लक्षात असतील, कारण तूही तेव्हाच लिहायला शिकलास. बाबांची शाळा काना-मात्रेपाशीच संपलेली. प्राण्यांच्या बागेच्या मॅनेजरनं जेव्हा ठरवलं की लोकांपुढे हत्तीनं चित्र काढायचं, तेव्हा बाबांना दुसरं काही येतच नव्हतं. म्हणून त्यांनी तिला काना शिकवला. डाव्या कानाची कड धरून सरळ खाली ओढली की काना. कान वर ढकलला की मात्रा. कड दुमडली की वेलांटी, खालून वळवली की उकार, अंगठा दाबला की टिंब. मधोमध एक काना म्हणजे देठ, दोन्हीकडच्या वेलांट्या म्हणजे पानं, वर उकार गोल फिरवत नेले की फूल, आणि पोटात टिंब. लोक समोर बसायचे, त्यांना सोंड, ब्रश आणि उमलणारं फूल दिसायचं. कानामागचा हात दिसायचा नाही. त्या हाताखाली आणखी एक हात असायचा, तुझा. तू बाबांच्या खांद्यावर बसायचास, ते तुझा पंजा तिच्या कानावर ठेवायचे आणि त्यावर स्वतःचा. तिच्या लेखी तो एकच हात होता. संध्याकाळी घरी तुझाच कान धरून तुला पाटीवर तीच अक्षरं गिरवायला लावायचे. मास्तरांनी बाबांना बोलावून विचारलं होतं की काना म्हटलं की हा पोरगा मान का खाली घालतो.

आणि मोठा झाल्यावर तूच तो प्रश्न काढलास. चित्र काढतं कोण, ती की बाबा? भर खेळात, समोर लोक टाळ्या वाजवत असताना, रंगाची वाटी हातात धरून तू मोठ्यानं सांगितलंस की चित्र बाबा काढतात, तिच्या कानातून, ती नुसती ब्रश आहे. अर्धे लोक उठून डाव्या बाजूला बघायला आले. बाबांनी फूल पुरं केलं, टिंब दिलं, तिला केळी दिली आणि मगच खाली मान घातली. त्या दिवसाइतके कानकोंडे झालेले बाबा मी कधी पाहिले नव्हते. घरी तू म्हणालास, ही लबाडी आहे, पेन्सिलीला कुणी हुशार म्हणतं का? बाबा एवढंच म्हणाले की तिला कळतं. काय कळतं ते त्यांना सांगता येईना आणि तुला तेवढ्यावर गप्प बसता येईना. मी भाकरी थापल्यासारखी दोघांच्या मध्ये इकडून तिकडे होत राहिले. मग तू गेलास. तू चुकलास असं मी म्हणत नाही. मी तिथंच काउंटरवर बसून ती चित्रं विकते. एकासारखं दुसरं, काना-मात्रेचाही फरक नाही. मलाही मनातून तुझंच पटायचं. फक्त मला तिथंच राहायचं होतं, म्हणून मी बोलले नाही.

आता नीट वाच. उन्हाळा सरता सरता चित्रं बिघडायला लागली. वाळत घालताना पहिल्यांदा मलाच दिसलं. देठ सरळ येईना. वरून खालपर्यंत बारीक नागमोडी, थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसानं लिहावं तशी रेघ. मला वाटलं, ब्रशाचे केस गेले. नवा ब्रश दिला. तरी तेच. मग मॅनेजर म्हणाला की हत्तीण म्हातारी झाली, आणि घरात मढं असावं तसे बाबा दिसायला लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी तिची सोंड टोकापासून मुळापर्यंत चाचपली, दात बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त नेलं. काही सापडेना, म्हणून शक्तीची औषधं सुरू झाली. गुळात कालवून गोळ्या, सोंडेला तेलाची मालिश, डोळ्यांत थेंब. सगळं बाबा करायचे, औषधाची वेळ एका मिनिटानं चुकू द्यायचे नाहीत. मालिश करताना तिच्याशी बोलायचे, की काय होतंय तुला, मला तरी सांग. आम्ही सगळे शहाणे तिच्या सोंडेकडे डोळे लावून बसलो होतो. रेघ सोंडेतून येते ना! ती सोंडेत कुठून येते हे ज्यांना पक्कं ठाऊक, त्यातली मी एक, पण माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग ती बरी झाली. खरंच. हळूहळू रेघा सरळ व्हायला लागल्या. पावसाळ्याच्या मध्यावर तर पहिल्यासारखं फूल, सुतासारखा देठ. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं नाव मोठ्या अभिमानानं सांगितलं, मॅनेजरनं पाठ थोपटली, मी काउंटरवरच्या सगळ्यांना चहा पाजला. बाबा मात्र खुश दिसेनात. हसायचे, पण उजवा हात खिशात. जेवताना डाव्या हातानं जेवायला लागले. मी चिडवलं, की आता म्हातारपणी हे काय नवीन? तर म्हणाले, बोटाला लागलंय. एक दिवस मी चहाची कपबशी पुढे केली आणि सवयीनं त्यांचा उजवा हात बाहेर आला. कपबशी अशी वाजायला लागली की मला वाटलं, भिंतीवरची भांडीच पडतायत. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच काढला नाही. दुसऱ्या दिवशी काउंटर बंद करून मी खेळाच्या वेळी डाव्या बाजूला गेले, ज्या बाजूला तू लोकांना नेलं होतंस.

धाकट्या, त्यांचा हात तिच्या कानावर नुसता उडत होता. काना द्यायला खाली ओढतायत की हात आपोआप खाली पडतोय हे सख्ख्या मुलीला कळू नये. आणि समोर कागदावर देठ उतरत होता, सरळ. एकही नागमोड नाही.  आम्ही सगळं उलटं धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. सुरुवातीला हात थोडा थरथरत होता तेव्हा ती इमानानं तेवढी थरथर कागदावर उतरवत होती. आजारी ती कधीच नव्हती. आम्ही त्यांचा आजार तिच्या सोंडेत शोधत होतो आणि गूळ-गोळ्या तिला चारत होतो. पुढे हात आणखी बिघडला, तेव्हा तिनं थरथरीकडे कानाडोळा करायला सुरुवात केली. त्या हातातलं बाबांचं बोलणं कुठलं आणि आजार कुठला हे तिनं निवडून काढलं. डॉक्टरनं खरडलेली चिठ्ठी औषधवाला वाचतो ना, तशी ती बाबांना वाचत होती. मॅनेजरनं काढून टाकू नये म्हणून त्यांना सांभाळून घेत होती, असंसुद्धा मी म्हटलं असतं, पण तू हसशील.

तू म्हणशील, सवय असेल. रोज तेच फूल, हात नसता तरी काढलं असतं. मीही तसंच म्हणून बघितलं. मग एका खेळात बाबांनी मध्येच, मुद्दाम की चुकून देव जाणे, पानाऐवजी काना दिला, आणि तिनं देठाशेजारी दुसरा देठ काढला. त्या तसल्या हातातून तिला तो काना ऐकू आला होता. आता तिला पेन्सिल म्हण बघू.

हे झाकलं जाणार नव्हतंच. गेल्या महिन्यात खेळ चालू असताना बाबांचा तोल गेला. कानाला धरून ते तसेच खाली आले, आणि ती एक पाऊलही न हलता उभी राहिली, ते कानाला लोंबकळत होते तोवर. लोकांनी हात पाहिला, मॅनेजरनं पाहिला. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की नसांचा आजार आहे, हळूहळू वाढेल, बोलणंही जड होत जाईल. बोलणं तर लगेचच जड झालं. बाबांना बागेत यायची बंदी झाली आणि तिच्या कानाशी नवा माहूत आला. माणूस वाईट नाही, हात दगडासारखा स्थिर. बाबांनी त्याला सगळ्या खुणा समजावल्या, मी मध्ये बसून त्यांचं बोलणं उलगडून सांगितलं. तो बरोब्बर काना देतो. ती ब्रश घेते, रंगात बुडवते आणि उभी राहते. रंग थेंबाथेंबानं तिच्या पायावर गळत राहतो. आधी गोडीगुलाबी झाली. मग चारा कमी केला. आता अंकुश आहे. बाबांचा अंगठा जिथं टेकायचा, तिथं कानाला जखम झालीय, माश्या बसतात. हे मी बाबांच्या कानावर घातलेलं नाही. चित्र नाही तर हत्तीण पोसायची कशाला, असं मॅनेजरचं सरळ गणित आहे, आणि वखारवाला येऊन तिचे पाय बघून गेला.

मीही करून बघितलं. तुला काय वाटलं, मी रडत बसले असेन? मी कान धरला, काना दिला, जसा बाबा देतात तसा. तिनं सोंड वळवली, माझा हात मनगटापासून खांद्यापर्यंत हुंगला आणि ब्रश माझ्या पायाशी ठेवला, अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये म्हणून ठेवावा तसा. इतकी वर्षं मी तिचा मत्सर केला आणि तिनं मला नाही म्हणतानाही माझं मन राखलं. मी तिच्या पायाला मिठी मारून ओरडून ओरडून रडले. तर हो, रडलेच.

मग परवा दुपारी नवा माहूत जेवायला गेला होता. मी तिच्याजवळ लाकडी स्टँड, कागद आणि रंग ठेवला, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही, आणि मागच्या बाजूला शेण भरायला गेले. कानाशी कुणी नव्हतं. कुणीही नव्हतं, शपथ घेऊन सांगते. परत आले तर कागदावर एकच रेघ होती. वरून खालपर्यंत एक काना. आणि तो थरथरत होता. पहिल्या बिघडलेल्या चित्रांसारखा बारीक नाही, बाबांचा आजचा हात जसा उडतो तसा, मोठ्या मोठ्या हेलकाव्यांनी. ज्या थरथरीकडे तिनं पावसाळाभर कानाडोळा केला ती सगळी तिच्याजवळ जमा होती. बाबा होते तोवर तिनं ती कागदावर येऊ दिली नाही. बाबा दिसेनासे झाले आणि तिनं तीच काढली. याला काय म्हणायचं? मी माझं डोकं फोडून घेतलं. कदाचित काहीच नसेल. कदाचित सोंडेवर माशी बसली असेल. तू हुशार आहेस, तू सांग. मला तर ती रेघ बघितल्याबरोबर बाबा दिसले.

कागद मी पदराखाली लपवून घरी आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. मग उजवा हात, जो ते माझ्यापासूनही लपवतात, तो बाहेर काढला आणि रेघेच्या वरच्या टोकाला बोट ठेवून खाली आणायला लागले. बोट उडत होतं आणि रेघेवरून ढळत नव्हतं. खाली पोचल्यावर "माझा", एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी घोंगडी गुंडाळून दाराशी ठेवलीय. घोंगडीला दोरी बांधायचा प्रयत्न दिवसभर चालतो, गाठ बसत नाही. मी बांधून देत नाही म्हणून माझ्यावर रागावलेत. जेवणाचं ताट तसंच परत येतं. ते वखारीत जगायचे नाहीत, धाकट्या. डोंगरापर्यंत पोचायचेही नाहीत. आणि मी त्यांना ट्रकवर चढू दिलं नाही तर इथंही जगायचे नाहीत. ती ओंडके ओढेल, जखम पिकेल, मग पाय जातील. मी दोघांच्या मध्ये उभी आहे आणि माझ्या हातात काहीही नाही. इतकं असहाय मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मागे एकदा कामासाठी तुझ्या गावावरून गेले होते, तुला न सांगता. एसटी स्टँडसमोरच्या दुकानाची पाटी तू रंगवलेली, हे खाली नाव न वाचता मला कळलं. पाटीवरचा प्रत्येक काना एका दमात वरून खाली, शेवटी किंचित आत घेतलेला. तो बाबांचा काना आहे. जगात तसा काना काढणारे आता दोनच हात उरलेत, आणि त्यातला एक घोंगडीची गाठ मारू शकत नाही. दुसरा तुझा आहे. ती शिकली तेव्हा खाली तोच होता, तिच्या कानाला लागून, बाबांच्याही आधी. मॅनेजरच्या पाया पडून मी एक कबूल करून घेतलंय, की ट्रक यायच्या आत तिनं लोकांपुढे एक जरी चित्र पुरं केलं तर तो वखारवाल्याला परत पाठवेल. म्हणून हे पत्र. ज्याला तू लबाडी म्हणालास ती लबाडी करायला ये. ती हुशार आहे की नाही यावर आपण नंतर जन्मभर भांडू, मी हरायला तयार आहे. बाबांना मी काही बोललेले नाही, कारण तू आला नाहीस तर त्यांना ते सोसणार नाही. तिला मात्र आज सकाळी, जखम नाही त्या कानात, सांगून आलेय की धाकटा येतोय. आजवर तिच्याशी आपल्या घरातलं कुणी खोटं बोललेलं नाही.

तुझीच,
मधली